लेसर अंतरमापक दुर्बीण

लेसर अंतरमापक दुर्बीण हे दूरची वस्तू मोठी करून दाखवणारे आणि त्याच वेळी तिचे निरीक्षकापासूनचे अंतर मोजणारे, हातात धरून वापरायचे प्रकाशीय-इलेक्ट्रॉनिक उपकरण आहे. द्विनेत्री दुर्बिणीच्या सांगाड्यातच लेसर प्रेषक, परत आलेला प्रकाश टिपणारा संसूचक, कालमापक मंडल आणि अंक दाखवणारा पडदा बसवलेला असतो. काही नमुन्यांत डिजिटल होकायंत्र आणि चढ-उताराचा कोन मोजणारा कलमापकही असतो. तोफखान्याचे निरीक्षक, वन्यजीव अभ्यासक, वनकर्मचारी, सर्वेक्षक, नाविक आणि शिकारीस परवानगी असलेल्या देशांतील शिकारी हे उपकरण वापरतात.

पडद्यावर उमटणारा आकडा म्हणजे ज्या पृष्ठभागावरून पुरेसा प्रकाश परत आला त्या पृष्ठभागाचे अंतर होय. निरीक्षक ज्या वस्तूकडे पाहत असतो तिचेच ते अंतर असेल, असे नाही. या उपकरणाच्या वापराचे आणि देखभालीचे बहुतेक नियम याच वस्तुस्थितीतून निघाले आहेत.

पार्श्वभूमी

लेसरपूर्व काळात दूरच्या वस्तूचे अंतर मोजण्यासाठी प्रकाशीय अंतरमापक वापरीत. आर्चिबाल्ड बार आणि विल्यम स्ट्राउड या लीड्स येथील दोन प्राध्यापकांनी १८८८ पासून अशा यंत्रांवर काम सुरू केले. पुढे ग्लासगो येथील त्यांच्या कारखान्याची यंत्रे युद्धनौकांवर सर्वत्र दिसू लागली. एका लांब नळीच्या दोन टोकांवरून दिसणाऱ्या प्रतिमा एकमेकींवर जुळवायच्या आणि त्यासाठी फिरवाव्या लागलेल्या कोनावरून अंतर काढायचे, अशी त्यांची पद्धत होती. या पद्धतीतील चूक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अंतर दुप्पट झाले की चूक चौपट होते, म्हणून अचूकतेसाठी नळी अधिकाधिक लांब करावी लागे. खांद्याला अडकवून नेता येईल अशा आकारात हे साधणे अशक्य होते.

१६ मे १९६० रोजी थिओडोर मेमन यांनी कॅलिफोर्नियातील ह्यूज संशोधन प्रयोगशाळेत माणकाच्या स्फटिकापासून पहिला लेसर प्रत्यक्षात आणला. त्याची तरंगलांबी ६९४.३ नॅनोमीटर, म्हणजे गडद लाल रंगाची होती. त्यानंतर एक-दोन वर्षांतच क्यू-स्विचिंग हे तंत्र सिद्ध झाले. त्यामुळे लेसरमध्ये साठलेली ऊर्जा काही नॅनोसेकंदांच्या एकाच तीव्र स्पंदात बाहेर टाकता येऊ लागली आणि अंतरमापनाचा मार्ग मोकळा झाला. सैन्यांनी प्रथम माणिक लेसरचे आणि नंतर १,०६४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या निओडिमियम-याग लेसरचे अंतरमापक स्वीकारले. अर्धवाहक लेसर डायोड पुरेसे समर्थ व स्वस्त झाल्यानंतर हे उपकरण नागरी बाजारात आले. लायका कंपनीची १९९२ मधील ‘जिओविड’ ही अंतरमापक अंतर्भूत असलेली पहिली नागरी द्विनेत्री दुर्बीण मानली जाते.

भारतात संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या डेहराडून येथील इन्स्ट्रुमेंट्स रिसर्च अँड डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंट या प्रयोगशाळेने लेसर अंतरमापकांच्या विकसनाचे काम केले आहे. भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड ही सरकारी कंपनी असे अंतरमापक तयार करते.

मापनाचे तत्त्व

उपकरण प्रकाशाचा एक अतिलघु स्पंद सोडते आणि तो लक्ष्यावर आदळून परत येईपर्यंतचा वेळ मोजते. प्रकाशाचा वेग निर्वातात सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर आहे. या वेगाला मोजलेल्या वेळेने गुणून आलेल्या संख्येची निम्मी केली की अंतर मिळते. एक किलोमीटरवरील वस्तूसाठी हा वेळ सुमारे ६.६७ मायक्रोसेकंद, तर एक मीटरसाठी सुमारे ६.६७ नॅनोसेकंद भरतो. कालमापनात एका नॅनोसेकंदाची चूक झाली तर अंतरात सुमारे पंधरा सेंटीमीटरची चूक होते. चंद्रावर अपोलो मोहिमांनी ठेवलेल्या परावर्तकांपर्यंतचे अंतरही याच तत्त्वाने मोजले जाते. तेथे प्रकाशाला जाऊन येण्यास सुमारे अडीच सेकंद लागतात.

हवेत प्रकाशाचा वेग किंचित कमी असतो, परंतु त्याचा परिणाम किलोमीटरमागे सुमारे तीस सेंटीमीटर इतकाच असल्याने हातातील उपकरणात तो गौण ठरतो. परत येणाऱ्या प्रकाशाची क्षीणता ही खरी अडचण आहे. झाडाची साल, प्राण्याची कातडी किंवा माती यांवर पडलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरतो आणि त्याचा अत्यल्प अंश दुर्बिणीच्या वस्तुभिंगात शिरतो. त्याच वेळी सूर्यप्रकाशही संसूचकावर पडत असतो. म्हणून बहुतेक नागरी उपकरणे एकाऐवजी अनेक स्पंद सोडून त्यांच्या प्रतिसादांची सरासरी घेतात आणि ठरावीक मर्यादेपेक्षा स्पष्ट असलेला प्रतिसादच ग्राह्य धरतात. असा प्रतिसाद न मिळाल्यास पडद्यावर अंकांऐवजी रेघा दिसतात.

जाहिरातीत दिलेला पल्ला बहुधा मोठ्या, चकचकीत परावर्तक फलकासाठी असतो. झाडासाठी तो कमी आणि प्राण्यासाठी त्याहून कमी असतो. माहितीपत्रकातील सर्वांत मोठा आकडा पाहून उपकरण घेणाऱ्याची निराशा होते ती यामुळे.

रचना

दुर्बिणीवरील ८×४२ किंवा १०×४२ या संख्यांपैकी पहिली विशालन आणि दुसरी वस्तुभिंगाचा मिलिमीटरमधील व्यास दर्शवते. विशालन जितके जास्त, तितका हाताचा कंपही मोठा दिसतो. त्यामुळे हातात धरून मोजण्यासाठी आठपट विशालन सहसा सोयीचे ठरते. अनेक नमुन्यांत लेसरचा झोत एका नळीतून बाहेर जातो आणि परतीचा प्रकाश दुसऱ्या नळीतून संसूचकाकडे येतो. लोलकावरील विशेष लेप दृश्य प्रकाश डोळ्याकडे सोडतो व अवरक्त प्रकाश संसूचकाकडे वळवतो. या लेपामुळे काही दुर्बिणींतील दृश्याला किंचित रंगछटा येते. तो दोष नव्हे.

बहुतेक नागरी उपकरणांत ९०५ नॅनोमीटरचा लेसर डायोड व सिलिकॉनचा संसूचक असतो. लांब पल्ल्याच्या सैनिकी उपकरणांत १,५०० ते १,५५० नॅनोमीटरच्या आसपासची तरंगलांबी आणि इंडियम-गॅलियम-आर्सेनाइडचा संसूचक वापरतात.

झोत दिसायला नेमका वाटला तरी तो दूर जाताना पसरतो. एक मिलिरेडियन पसाऱ्याचा झोत एक किलोमीटरवर एक मीटर रुंद होतो. दीड मिलिरेडियनचा झोत सहाशे मीटरवर सुमारे नव्वद सेंटीमीटर, म्हणजे जवळपास पूर्ण वाढलेल्या चितळ नराच्या खांद्याच्या उंचीइतका होतो. अशा स्थितीत झोताचा काही भाग चितळावर, काही पुढच्या गवतावर आणि काही मागच्या उतारावर पडू शकतो.

वापर

प्रथम दुर्बीण डोळ्यांना जुळवून घ्यावी लागते. दोन्ही नळ्यांमधील अंतर बाहुल्यांच्या अंतराइतके केल्यावर एकच वर्तुळाकार दृश्य दिसते. त्यानंतर ज्या नेत्रिकेत नेमखूण व अंक दिसतात तिच्यावरील कडे फिरवून ती खूण स्पष्ट करतात, मग मधल्या चक्राने दूरच्या वस्तूवर केंद्रण करतात आणि शेवटी दुसरा डोळा जुळवतात. हा क्रम उलटा झाला तर दृश्य स्पष्ट असूनही अंक अस्पष्ट राहतात आणि ३ व ८ यांत गल्लत होते. एकच दुर्बीण अनेक जण वापरत असल्यास प्रत्येकाने आपल्या कड्याचा आकडा लक्षात ठेवणे सोयीचे असते.

बटण एकदा दाबल्यावर नेमखूण उजळते आणि पुन्हा दाबल्यावर मापन होते. बटण दाबून धरल्यास बहुतेक उपकरणे सलग मोजत राहतात. हलत्या किंवा लहान लक्ष्यासाठी ही सोय उपयुक्त आहे. कोपर गुडघ्यावर, झाडाच्या खोडाला किंवा दगडावर टेकवल्यास नेम स्थिर राहतो. एकाच लक्ष्याची तीन मापने घेऊन ती जुळतात की नाही हे पाहण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. जुळणारी तीन मापनेही चुकीची असू शकतात, कारण मध्ये आलेली फांदी तिन्ही वेळा तोच प्रतिसाद देते. म्हणून लक्ष्याच्या शेजारची एखादी मोठी वस्तू, जसे खोड, शिळा किंवा भिंत, मोजून ताळा घेतात.

अनेक उपकरणांत ‘पहिले लक्ष्य’ आणि ‘शेवटचे लक्ष्य’ अशी निवड असते. उघड्या माळावर पुढे उभी असलेली वस्तू मोजताना पहिली, तर झुडपांमागील वस्तू मोजताना दुसरी पद्धत योग्य असते. मागच्या वापरकर्त्याने केलेली निवड तशीच राहणे हे चुकीचे नेहमीचे कारण आहे. मीटर आणि यार्ड यांबाबतही हेच घडते. एक यार्ड ०.९१४४ मीटरचा असतो. ५०० हा आकडा यार्डांत असून मीटरांत वाचला गेला तर त्रेचाळीस मीटरची चूक होते आणि ती दृश्यावरून मुळीच लक्षात येत नाही.

काचेच्या खिडकीतून किंवा गाडीच्या पुढच्या काचेतून मोजू नये. झोताचा काही भाग काचेवरूनच परततो. शांत पाण्यावर तिरका पडलेला झोत पुढे निघून जातो, म्हणून जलाशयाचे अंतर हवे असल्यास काठावरचा दगड किंवा नाव धरतात. धुके, पाऊस आणि धूळ यांत पल्ला घटतो व जवळच्याच थेंबांवरून खोटे आकडे येऊ शकतात. १,५०० नॅनोमीटरच्या पुढील प्रकाश पाण्यात अधिक शोषला जात असल्याने ओल्या पृष्ठभागांचा प्रतिसाद त्या उपकरणांत क्षीण होतो. भर दुपारपेक्षा ढगाळ वेळी व संध्याकाळी पल्ला जास्त मिळतो.

उतारावर उपकरण तिरके अंतर मोजते. गडाच्या कड्यावरून तीस अंश खाली असलेली वस्तू चारशे मीटरवर दिसत असेल तर तिचे क्षितिजसमांतर अंतर सुमारे ३४६ मीटर आणि उंचीतील फरक दोनशे मीटर असतो. कलमापक असलेली उपकरणे हा हिशेब स्वतः करतात. मात्र पडद्यावर कोणते अंतर दाखवले जात आहे, हे वापरणाऱ्याने पाहावे लागते.

डिजिटल होकायंत्र हा या उपकरणातील सर्वांत हळवा भाग होय. वाहन, बंदूक, लोखंडी कुंपण, उच्चदाब विद्युतवाहिनी, मोबाइल, इतकेच काय पण घड्याळाचा पोलादी पट्टाही दिशा बिघडवू शकतो. एका अंशाच्या चुकीने एक किलोमीटरवर सतरा मीटरहून अधिक फरक पडतो, तर त्याच अंतरावर चांगल्या उपकरणाच्या लेसर मापनातील चूक एक-दोन मीटरचीच असते. स्थाननिश्चितीत दोष येतो तो बहुधा दिशेमुळे. चुंबकीय उत्तर आणि खरे उत्तर यांतील फरक, म्हणजे दिक्पात, महाराष्ट्रात अल्प असल्याने येथे शिकलेल्या निरीक्षकाकडून इतर प्रदेशांत त्याचा विसर पडण्याचा संभव असतो.

वन्यजीव गणनेत

भारतात २००६ पासून दर चार वर्षांनी होणाऱ्या अखिल भारतीय व्याघ्र गणनेत वाघांच्या भक्ष्य प्राण्यांची घनता काढण्यासाठी लाइन ट्रान्सेक्ट आखतात. ताडोबा-अंधारी, मेळघाट, पेंच यांसारख्या व्याघ्र प्रकल्पांतील वनरक्षक सकाळी ठरावीक सरळ रेषेवरून चालतात. चितळ, सांबर, गवा, नीलगाय किंवा रानडुक्कर दिसल्यास कळपातील संख्या, लेसर अंतरमापकाने मोजलेले अंतर आणि होकायंत्राने घेतलेली दिशा ते नोंदवतात.

या दोन नोंदींवरून प्राण्याचे रेषेपासूनचे लंब अंतर काढले जाते. कळप साठ मीटरवर आणि रेषेशी तीस अंशांच्या कोनात असल्यास लंब अंतर तीस मीटर येते. मध्येच चाळीस मीटरवर असलेल्या बांबूच्या बेटाने झोत परत पाठवला, तर तेच वीस मीटर नोंदले जाते. सर्व लंब अंतरांच्या विखुरणीवरून रेषेच्या दोन्ही बाजूंची किती रुंद पट्टी प्रत्यक्षात न्याहाळली गेली याचा अंदाज बांधतात आणि त्यावरून घनता निघते. अंतरे सरसकट दहा टक्के जास्त मोजली गेली तर पट्टी तितकी रुंद ठरते आणि घनता सुमारे नऊ टक्के कमी येते. अंतरे कमी मोजली गेल्यास प्राणी प्रत्यक्षाहून अधिक असल्याचे चित्र निर्माण होते. जंगलाची वाघ पोसण्याची क्षमता भक्ष्यावर अवलंबून असल्याने ही चूक कागदापुरती राहत नाही.

अंतर प्राणी प्रथम जेथे दिसला त्या जागेचे हवे असते. तो चाहूल लागून पळाला तर तो जेथे होता त्याच्या लगतचे खोड मोजतात. कळप असल्यास त्याचा मध्य धरतात. नजरेने अंदाज करणारा निरीक्षक नकळत २०, ५०, १०० असे गोल आकडे लिहितो. लेसर अंतरमापकाचा मोठा लाभ हा की त्याला गोल आकड्यांची ओढ नसते.

सैनिकी वापर

तोफखान्याचा अग्रवर्ती निरीक्षक लक्ष्याचे अंतर, दिशा व कोन मोजतो आणि स्वतःच्या स्थानाशी त्यांचा मेळ घालून लक्ष्याचे निर्देशांक काढतो. जीपीएस ग्राहकाला जोडलेल्या दुर्बिणीत ही आकडेमोड आपोआप होते. अशा जोडणीत स्वतःचे स्थान आणि लक्ष्याचे स्थान यांची गल्लत होण्याचा धोका असतो.

५ डिसेंबर २००१ रोजी अफगाणिस्तानात कंदाहारच्या उत्तरेस एका अमेरिकी विमानाने टाकलेला सुमारे नऊशे किलोग्रॅमचा उपग्रह-मार्गदर्शित बॉम्ब अमेरिकी पथकाच्याच जागेवर पडला. त्यात तीन अमेरिकी सैनिक आणि त्यांच्याबरोबरचे काही अफगाण मारले गेले. पुढे अफगाणिस्तानचे राष्ट्राध्यक्ष झालेले हमीद करझाई यांना किरकोळ दुखापत झाली. त्यानंतर प्रसिद्ध झालेल्या वृत्तांनुसार, लक्ष्याचे निर्देशांक काढल्यावर जीपीएस ग्राहकाची बॅटरी बदलण्यात आली होती आणि पुन्हा सुरू झाल्यावर ते उपकरण स्वतःच्याच स्थानाचे निर्देशांक दाखवत होते. तेच विमानाला कळवले गेले. बॅटरी बदलल्यावर आधीचे कोणतेही मापन ग्राह्य न धरता नव्याने मोजावे, या नियमाचे महत्त्व या घटनेवरून कळते.

डोळ्यांची सुरक्षितता

सुमारे ४०० ते १,४०० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याच्या भिंगातून आत जाऊन दृष्टिपटलावर एकवटतो. जुने माणिक व निओडिमियम-याग अंतरमापक याच पट्ट्यात असून त्यांचा स्पंद तीव्र असल्याने ते दूरवरच्या माणसाच्या डोळ्यांनाही कायमची इजा करू शकत. १,५०० नॅनोमीटरच्या पुढील प्रकाश डोळ्याच्या पुढील भागातील पाण्यात शोषला जातो व दृष्टिपटलापर्यंत पोहोचत नाही. ९०५ नॅनोमीटरची आधुनिक उपकरणे धोक्याच्या पट्ट्यात असली तरी त्यांची ऊर्जा इतकी कमी ठेवतात की ती आंतरराष्ट्रीय मानकातील वर्ग १ मध्ये बसतात.

वर्ग १ म्हणजे सामान्य वापरात निर्धोक. तरीही झोत मुद्दाम कोणाच्या डोळ्यांवर रोखू नये. उपकरणावर ‘१ एम’ अशी खूण असल्यास दुसऱ्या दुर्बिणीतून त्या झोताकडे पाहणे धोक्याचे असते, कारण मोठे भिंग अधिक प्रकाश गोळा करते. सूर्याकडे दुर्बीण रोखणे हा याहून मोठा धोका आहे. त्यात डोळा जातो आणि संसूचकही. अगदी जवळच्या आरशावर किंवा परावर्तक फलकावर मापन केल्यानेही संसूचक निकामी होऊ शकतो.

देखभाल

भिंगे कोरडी पुसणे हे दुर्बिणीच्या नुकसानीचे सर्वांत सामान्य कारण आहे. धुळीत गारगोटीचे कण असतात आणि ते लेपावर ओरखडे पाडतात. प्रथम रबरी फुंकणीने धूळ उडवावी, मग मऊ ब्रशने झटकावे आणि त्यानंतरच भिंगासाठीच्या द्रवाने किंचित ओलसर केलेल्या स्वच्छ कापडाने मध्यापासून कडेकडे हलके पुसावे. द्रव भिंगावर न टाकता कापडावर घ्यावा. सदऱ्याचे टोक, रुमाल किंवा वर्तमानपत्राचा कागद वापरू नये. लेसरच्या छोट्या प्रेषक खिडकीकडे अनेकदा दुर्लक्ष होते. तिच्यावरील बोटाचा ठसा पल्ला घटवतो, मात्र दृश्य स्वच्छ दिसत असल्याने कारण ध्यानात येत नाही. समुद्रकिनारी वापरल्यावर, उपकरण जलरोधक असल्यास, खारट थर गोड्या पाण्याने ओल्या केलेल्या कापडाने काढतात.

कोकण व गोव्यासारख्या दमट प्रदेशांत बुरशी हा मोठा शत्रू आहे. ती भिंगावर जाळ्यासारखी पसरते व लेप कायमचा खराब करते. चांगल्या उपकरणांत कोरडा नायट्रोजन भरून रबरी कड्यांनी ती बंद केलेली असतात, तरी बाहेरच्या पृष्ठभागांवर बुरशी येऊ शकते. पावसाळ्यात ओलसर पेटीत बंद करून ठेवणे टाळावे. हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवून त्याचा रंग बदलला की ते तापवून किंवा बदलून घ्यावे. चामडी पेटी ओल धरते, म्हणून दीर्घ साठवणीस ती अयोग्य. वातानुकूलित खोलीतून दमट हवेत आणलेल्या दुर्बिणीवर दव जमते. ती पिशवीतच ठेवून हळूहळू बाहेरच्या तापमानाला येऊ देणे हा सोपा उपाय आहे. आतून धुके धरल्यास नायट्रोजनची बंदिस्ती सुटली असे समजावे.

बहुतेक नागरी दुर्बिणींत तीन व्होल्टची लिथियम बॅटरी असते. थंडीत तिची क्षमता घटते, म्हणून हिमालयातील निरीक्षक सुटी बॅटरी अंगाजवळच्या खिशात बाळगतात. दीर्घकाळ वापर नसल्यास बॅटरी काढून ठेवावी. झाकणाच्या आट्यांतील धूळ व रबरी कडे तपासावे, कारण पाणी आत शिरते ते बहुधा येथूनच. होकायंत्र असलेल्या उपकरणात नवी बॅटरी घातल्यावर त्याचे अंशशोधन पुन्हा करतात. बॅटरीच्या पोलादी कवचाचे स्वतःचे चुंबकत्व जुन्या बॅटरीपेक्षा वेगळे असू शकते.

उपकरण उघडून पाहणे टाळावे. त्यामुळे नायट्रोजन निसटतो, दोन्ही नळ्यांचे अक्ष विस्कटतात आणि जुन्या सैनिकी नमुन्यांत उच्चदाबाच्या धारित्राचा झटका बसण्याची शक्यता असते.

तपासणी

फितीने मोजलेल्या ज्ञात अंतरावर, उदाहरणार्थ ५०, १०० व २०० मीटरवर, सपाट फलक ठेवून मापने घेणे ही प्राथमिक तपासणी होय. सर्व अंतरांवर सारखाच फरक येत असल्यास तो नोंदवून वजा करता येतो.

पडल्यावर किंवा आपटल्यावर दुसरी तपासणी आवश्यक असते, कारण नेमखूण आणि अदृश्य झोत यांची जुळणी ढळलेली असू शकते. त्यासाठी मोकळ्या आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभा असलेला खांब किंवा मनोरा निवडतात. मागे काहीच नसल्याने झोत चुकला तर आकडाच येत नाही. सलग मापन चालू ठेवून नेमखूण डावीकडून हळूहळू खांबावर आणतात व आकडा कोठे उमटला ते पाहतात. मग उजवीकडून, आणि एखाद्या छपराच्या आडव्या कडेवर वरून व खालून तसेच करतात. खूण खांबाला दोन्ही बाजूंनी सारख्याच अंतरावर असताना आकडा उमटला तर जुळणी ठीक असते. एका बाजूने खूण खांबापासून दूर असतानाच आकडा येत असेल, आणि दुसऱ्या बाजूने खांब ओलांडल्यावरही येत नसेल, तर झोत सरकला आहे. काही नमुन्यांत नेमखूण सरकवण्याची सोय असते. इतरांत ते काम उत्पादकाच्या कार्यशाळेत करावे लागते. तोपर्यंत झोत किती व कोणत्या बाजूला सरकला आहे याची चिठ्ठी पेटीत ठेवून मोठ्या लक्ष्यांपुरती ती दुर्बीण वापरता येते.